शेवटचा ‘त’

रविवारी सकाळी तेविसाव्या देवावरची धूळ पुसून झाली तेव्हा आत्याच्या लक्षात आलं, की आज आपण एकाशीही बोललेलो नाही. एरवी हे काम म्हणजे तिचा दरबार असायचा. कारखान्याच्या भिंतीत ओळीने कोनाडे होते, प्रत्येकात अंगठ्याएवढा दगडी देव, आणि फडक्याबरोबर प्रत्येकाची थोडी झाडाझडतीही व्हायची. छिन्नीच्या देवाला ती विचारायची, ‘काय रे, काल टोक मोडलंस ना?’ धुळीच्या देवाला म्हणायची, ‘तू तर बोलूच नकोस.’ हरवलेल्या वस्तूंच्या देवाची तर तिच्या चष्म्यावरून रोज कानउघाडणी ठरलेली. भावाने दगड वाहायला ट्रक घेतला, त्या वर्षी ब्रेकचा देवही आला होता, आणि त्याच्याशी ती जरा जपून बोलायची. आज मात्र ती मुकाट्याने फडकं फिरवत राहिली.

तिच्या पाठीमागे दोन लाकडी घोड्यांवर दाराच्या माथ्याचा सात फुटी दगड आडवा पडला होता. त्यावर तिनेच लाल खडूने ओळ आखली होती: देव भलं करोत. त्यातलं एकच अक्षर कोरून झालं होतं, आणि ते शेवटचं होतं.

या घरात ओळ शेवटाकडून कोरायला घेतात. त्याला कारण आत्याचे आजोबा. त्यांनी उमेदीच्या काळात एका व्यापाऱ्याच्या दारावर मोठ्या झोकात ‘सुखनिवास’ कोरायला घेतलं आणि ‘स’ला जागाच उरली नाही. व्यापाऱ्याच्या दोन पिढ्या ‘सुखनिवा’त नांदल्या. तेव्हापासून नियमच झाला, की जे शेवटी बसायचं ते आधी बसवायचं, मग उलट्या दिशेने मागे यायचं, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात ओढायची. त्यामुळे या घडीला दगडावर एकटा ‘त’ उभा होता, डोक्यावर रेघ नसलेला, आणि आत्याला तो आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

दगड होता ठमीचा. ठमी म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी. आत्याने लग्न केलं नव्हतं, आणि ठमीला तिने याच कारखान्यात, दगडाच्या कपच्यांत खेळवून वाढवली होती. पोरगी पुढे बापासारखीच अक्षरं कोरायला शिकली, आणि येत्या शनिवारी तिचं लग्न होतं. नवरा मुलगा चष्म्याची भिंगं घासायचा. खाली दुकान आणि वर दोन खोल्या अशी जागा दोघांनी तीन गल्ल्या पलीकडे घेतली होती. घराण्यातल्या प्रत्येक नव्या दारावर हीच ओळ जायची. आखणी आत्याची, हात भावाचा.

अडचण एवढीच होती, की चष्मेवाल्याच्या घरी देव एकच होता. त्याला मूर्ती नाही, कोनाडा नाही, हाताखाली कुणी नाही. आणि त्यांच्याकडे म्हणत, ‘देव भलं करो.’

आत्या महिन्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन आली होती. पांढरीशुभ्र भिंत बघून तिने विचारलं होतं, की तुमचा देव असतो कुठे. मुलाच्या आजोबांनी, म्हणजे मास्तरांनी, हात गोल फिरवून सगळीकडे असतो असं सांगितलं होतं. आत्याने मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही. सगळीकडे असलेला माणूस हवा तेव्हा कधी सापडत नाही, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता. मास्तरांनीही मग तिच्या देवांची संख्या विचारून घेतली होती आणि एवढ्यांत शेवटी काम कोण करतं, असं हसत विचारलं होतं. ते हसणं आत्याच्या डोक्यात महिनाभर राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी ओळ आखून होताच ठमी तिच्याजवळ आली होती. नव्या दुकानाच्या भिंती रंगवायला तिला पहाटेच जायचं होतं. “आत्या, बाबांना सांग, रविवारपर्यंत छिन्नी लावू नका. त्या ‘त’वरून त्यांच्याकडे कुरबूर चाललीय. सगळे इथे जेवायला येतील तेव्हा बसून ठरवू.” मग तिने जरा हसत पुढचं सांगितलं. चष्मेवाल्याच्या मामांचं बंदराच्या गावी एक दुकान रिकामं होतं, दोन दिवसांच्या प्रवासावर. या दाराखालून जाताना दोन्हीकडचे लोक तोंडं पाडून जाणार असतील, तर आपण सरळ तिकडेच जाऊ, तिथल्या दाराला नुसतं हँडल आहे, असं दोघांचं ठरलं होतं. ठमी हसत बोलली की खरं बोलते, हे आत्याला ती चार वर्षांची होती तेव्हापासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी भाऊ मोगरी आणि छिन्नी घेऊन आला. “ताई, आखणी पक्की ना?” त्याने विचारलं.

आत्या म्हणाली, “पक्की.”

आपण निरोप द्यायला विसरलो, असं तिने नंतर स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तिचं तिलाच पटलं नाही.

शेवटच्या देवापाशी फडकं झटकून ती वळणार, तोच तिची नजर चोविसाव्या कोनाड्यावर गेली. तो रिकामा होता. या घरात लग्न करून येणारा आपला एक देव घेऊन येतो. वहिनी बेकरीवाल्यांची मुलगी, ती भट्टीचा देव घेऊन आली आणि वर्षभरात छिन्नीच्या देवाशेजारी चांगली रुळली. ती आणि देव, दोघंही. चष्मेवाल्यासाठी आत्याने दोन महिन्यांपूर्वी स्वतः हा कोनाडा घासूनपुसून ठेवला होता. त्याने फार नम्रपणे सांगितलं, की आमच्याकडे आणण्यासारखं काही नाही. तेव्हापासून तिथं नुसती धूळ साचायची, आणि आत्या तीही पुसायची नाही.

पाहुणे साडेअकराला आले. पुढे मास्तर, काठी टेकत, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ते डोळे मिटून ऐकत, जणू पेपर तपासताहेत. त्यांच्यामागे त्यांची सून, मुलाची आई, जिचं औषधांचं दुकान होतं. आणि शेवटी चष्मेवाला व ठमी, दोघांच्याही केसांना पांढरा रंग लागलेला.

आधी जेवून घेऊ, मग दगड बघू, असा वहिनीचा बेत होता. भरल्या पोटी माणसं कमी भांडतात यावर तिचा विश्वास होता. पण मास्तर वाटेतच थांबले. त्यांनी खिशातून दुसरा चष्मा काढला, दगडावर वाकले आणि वाचलं, “त.”

मास्तरांनी खडूची उरलेली ओळ बोटाने हवेतल्या हवेत गिरवली आणि सरळ उभे राहिले. “म्हणजे ठरलेलंच आहे. मग आम्हाला बोलावलं कशाला?”

पुढची पंधरा मिनिटं सगळेच बोलत होते. विहीणबाई म्हणाल्या, की एवढंसं अक्षर, पण त्याखालून माझ्या मुलाने रोज जायचं-यायचं आहे. आम्ही एकाला मानतो आणि दारावर लिहिणार अनेक, हे खोटं लिहिल्यासारखं होईल. भाऊ आधी गोंधळला, मग कामाच्या भाषेत शिरला. कोरलेलं पुसता येत नाही, दगडाचा सगळा चेहरा अर्धं बोट खाली उतरवावा लागेल, त्याला दहा दिवस हवेत आणि लग्न सहा दिवसांवर. दुसरा दगड खाणीतून यायला तीन आठवडे. चष्मेवाला गुणी मुलगा होता, भांडण दिसलं की तोडगा काढायला धावायचा. त्याने सुचवलं, की ‘करो’वरची शिरोरेषा तिथेच थांबवावी आणि ‘त’ सुटा ठेवावा. दुकान चष्म्याचंच आहे, पुढे ‘पासणी’ जोडली की झालं. देव भलं करो, तपासणी.

“पुढे जागा नाही,” भाऊ म्हणाला. “तो शेवटचा आहे म्हणून तर आधी कोरला.”

वहिनीला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात घालवलं. पण ठमी हसत नव्हती. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, मी निरोप ठेवला होता ना? दोन दिवस थांबा म्हणून. एवढंसं ऐकलं असतंत तर काय झालं असतं?”

“कसला निरोप?” भाऊ म्हणाला.

“आता कसला म्हणून विचारताय?”

भावाचा चेहरा बघवेना. त्याला या मुलीने आजवर कधी उलट शब्द ऐकवला नव्हता, आणि हा पहिला होता तो त्याच्या वाट्याचा नव्हता. ठमीने चष्मेवाल्याकडे वळून हळूच सांगितलं, की मामांना आज फोन करून टाक. आत्याने ते ऐकलं. महिनाभर तिला वाटत होतं, की आपण देवांची बाजू सांभाळतोय. प्रत्यक्षात आपण बाप आणि लेकीच्या मध्ये खोटं बोलून उभे आहोत, हे तिला आता लख्ख दिसलं.

“निरोप माझ्याकडे होता,” ती म्हणाली. “मी दिला नाही.”

“विसरलीस?” भावाने विचारलं. तो तिला सोडवायलाच बघत होता.

“विसरले नाही. दिला नाही.”

ठमी तिच्याकडे वळली. “का, आत्या?”

“माझे तेवीस जण तुझ्या दारावर असावेत म्हणून. इथे मी आहे, रोज प्रत्येकाला तुझी आठवण करून देते. तिकडे कोण देणार? एवढी लांब चाललीस तू.”

“तीन गल्ल्या, आत्या.”

“तीन गल्ल्या काय कमी असतात?” आत्या म्हणाली. मग ती जवळच्या दगडावर मटकन बसली.

सगळ्यात आधी हलल्या त्या विहीणबाई. आल्यापासून ताठ असलेल्या त्या बाईने आपली खुर्ची ओढून आत्याजवळ आणली, तिला त्या थंड दगडावरून उठवून खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, “मीही ह्याच्या सामानात ह्याला न विचारता औषधांची पेटी घातलीय. सर्दीपासून साप चावेपर्यंत सगळं आहे तिच्यात.”

“कधी घातलीस?” चष्मेवाला म्हणाला.

“तू गप्प बस,” विहीणबाई म्हणाल्या. त्या क्षणापासून दोन्हीकडच्या बाया एका बाजूला झाल्या.

वहिनी मात्र तिथे नव्हती. ती आतून एक लांब गुंडाळी घेऊन आली. या कारखान्यात जे जे कोरलं जाई त्याचा कागदावर कोळशाने ठसा घेऊन ठेवायची पद्धत होती, आणि ते सांभाळण्याचं काम तिचं. तिने गुंडाळी जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार ताटल्या ठेवल्या आणि मास्तरांना बोलावलं.

“हा तुमच्या शाळेच्या अंगणातला दगड. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मुलांनी आमच्याकडून करून घेतला होता. आठवतो?”

मास्तर मोठ्याने वाचू लागले. “‘आमचे मास्तर शतायुषी होवोत.’” वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

“होवोत,” वहिनी म्हणाली. “मास्तर, तुम्ही नक्की किती जण आहात?”

आधी ठमी हसली, मग चष्मेवाला, आणि मग भाऊ, जो सहसा हसत नाही. मास्तरांनी दोन्ही चष्मे काढले आणि डोळे पुसले. हसून हसून त्यांना ठसका लागला, आणि विहीणबाईंनी पर्समधून ठसक्याची गोळी काढली.

“आदरार्थी बहुवचन,” ते श्वास लागल्यासारखे म्हणाले. “चाळीस वर्षं शिकवलं मी हे. एक असला तरी मोठ्या माणसाला बहुवचन. आणि या अक्षरासमोर उभा राहून मला ते आठवू नये. मला या विषयात नापास करा.”

मग ते पुन्हा दगडापाशी गेले आणि ओळ नव्याने वाचून बघितली. वाचता येते, असा त्यांनी निकाल दिला. फक्त एक गोष्ट त्यांना सांगायची होती. “आम्ही त्याला कधी अहो-जाहो करत नाही. आईला कुणी अहो म्हणतं का? तूच म्हणतो. पण दारावर, चार लोकांत, जरा आदराने लिहिलं तर त्याला राग येणार नाही.”

आत्याने मान वर केली. “तुम्ही त्याला अरे-तुरे करता?”

“रोज.”

“आणि भांडता?”

“गुडघ्यांवरून. सकाळी उठताना.”

आत्याला हे नवीन होतं. तिच्या मनातला त्यांचा देव कुठल्या तरी उंच कचेरीत बसलेला होता आणि त्याला भेटायला अर्ज करावा लागत होता. गुडघ्यांवरून ज्याच्याशी भांडता येतं, तो तिला बराच ओळखीचा वाटला. पण लगेच दुसरीच शंका आली आणि ती पुन्हा ताठ झाली.

“थांबा. तुम्ही वाचणार एक. मग माझे तेवीस गेले कुठे? तुमच्या आदरात बुडाले?”

आता सगळे तिच्याकडे बघू लागले. भावाने कपाळावर हात मारला. आताच कुठे गाडं रुळावर आलं होतं, आणि ताईनेच त्याला ब्रेक लावला होता. पण ठमी तिच्यासमोर उकिडवी बसली, लहानपणी बसायची तशी.

“कुठे जातील? तू वाचशील तेव्हा तेवीस असतील, मास्तर वाचतील तेव्हा एक. ‘त’ तोच राहील.”

“आणि तू काय वाचशील?”

ठमीने थोडा विचार केला. “मी ‘भलं’ वाचेन. तो शब्द मला कोरायला द्या.”

आत्याने ठमीच्या केसांतला पांढरा रंग नखाने खरवडायला घेतला, आणि या घरात याला होकार म्हणतात.

मास्तरांना कोनाडे बघायचे होते. आत्याने त्यांना सगळी ओळ दाखवली, कोणाचं काम काय, कोण आळशी, कोणाला काय विचारायचं नाही. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी ब्रेकच्या देवाला दोनदा बघितलं आणि हा उपयोगी आहे असं कबूल केलं. चोविसाव्या कोनाड्यापाशी ते थांबले आणि हा कोणाचा, म्हणून विचारलं.

आत्याने सांगून टाकलं. कोनाडा तुमच्या नातवाचा, त्याच्याकडे आणण्यासारखं काही नव्हतं, मला वाईट वाटलं होतं.

मास्तरांनी काठी टेकून त्या रिकाम्या चौकोनात वाकून पाहिलं. आत्याबाई आता सासऱ्यांना देव कोनाड्यात बसवायला सांगतात की काय, या विचाराने विहीणबाईंचा जीव वर-खाली होत होता.

“आत्याबाई,” मास्तर म्हणाले, “हा असाच ठेवा. आमचा असाच दिसतो.”

आत्याने कोनाड्यात पाहिलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा कोनाड्यात. “मावेल?”

“सगळीकडे मावतो. मग इथेच कशी अडचण होईल?”

मग जेवण झालं. तोवर सगळं गार झालं होतं, पण कुणी तक्रार केली नाही. जेवता जेवता ठमीने चष्मेवाल्याला सांगितलं, की मामांचे आभार मान आणि नको म्हणून कळव. दुपारी भावाने ‘करो’ कोरायला घेतलं, ठमीने ‘भलं’, आणि ‘देव’ बाप-लेकीने मिळून केलं. बाप तिच्याशी दगडाबद्दलच बोलत होता, पण बोलत होता. शिरोरेषेसाठी सुतळी ताणायची वेळ आली तेव्हा एक टोक आत्याने धरलं आणि दुसरं मास्तरांनी. ती वर धरते आहे, असं मास्तरांचं म्हणणं, आणि ते खाली धरताहेत, असं तिचं. शेवटी भावाने दोघांनाही गप्प केलं आणि रेघ एका दमात ओढली. ‘त’ला डोकं आलं.

सोमवारी सकाळी आत्या फडकं घेऊन भिंतीपाशी आली. घर अजून उठायचं होतं. छिन्नीच्या देवाला तिने शाबासकी दिली, धुळीच्या देवाला कालच्या पसाऱ्याबद्दल फैलावर घेतलं, भट्टीच्या देवाला म्हणाली, की तुझ्या वहिनीने काल आपली लाज राखली रे. तेविसाव्याजवळ ती थांबली. मग पुढे सरकून तिने चोविसावा कोनाडा पुसला, कोपरे नीट धरून, दोन महिन्यांची धूळ एकदम.

बोलायला तोंड उघडलं आणि तिला अवघडल्यासारखं झालं. हे सगळे तिच्या घरचे, अंगाखांद्यावर खेळलेले. हा व्याह्यांकडचा. मास्तर त्याला काहीही म्हणोत, ते त्यांचं बघतील, पण नव्या नात्यात पहिल्याच दिवशी अरे-तुरे बरं दिसत नाही.

तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं, केस सारखे केले, आणि रिकाम्या कोनाड्याला म्हणाली,

“अहो, आमच्या ठमीकडे लक्ष असू द्या. तीन गल्ल्या लांब असेल ती.”